भेवबाईचा केशरी रंग

आमच्या गावात भिण्याचं खातं लीलाबाईंकडे होतं. त्यांनी ते इतकं मन लावून सांभाळलं की बाकीच्यांना त्यात लक्ष घालायची गरजच पडत नसे. आभाळ गडगडलं की लीलाबाई भ्यायच्या. समोरून गाय आली की त्या भिंतीला चिकटायच्या. मोबाईलवर अनोळखी नंबर आला तर फोन बाजेवर ठेवून, तो वाजायचा थांबेपर्यंत लांब उभ्या राहायच्या. गावाने त्यांचं नाव भेवबाई ठेवलं होतं. आमच्या झाडीपट्टीत भीतीला भेव म्हणतात, आणि ते वाटत नाही, लागतं. ठेच लागते तसं.

दिघोरीहून आत, डांबर संपतं तिथून थोडं पुढे आमचं गाव. गावाच्या शेवटाला अंगणवाडी, आणि तिच्या मागे बोडी, म्हणजे धानाला पाणी देणारं आमचं लहानसं तळं. लीलाबाई तिथल्या सेविका. बारा महिने काखेत काळी छत्री. सकाळी कुलूप उघडण्याआधी त्या छत्रीच्या मुठीने दारावर ठकठक करायच्या आणि आत सांगायच्या, "कोणी असन तं निघून जा रे बापा, मी येऊन राहिलो."

हे पालीला, उंदराला, सापाला, विंचवाला, सगळ्यांना मिळून असे. कोणाची गैरसोय नको. एकदा मी मागच्या खिडकीशी वाकून बारीक आवाजात "या ना बाई" म्हटलं. लीलाबाई ग्रामपंचायतीपर्यंत न थांबता गेल्या. त्या दिवशी आमच्या घरी मला चहा मिळाला नाही, आणि संध्याकाळची भाजीही मुद्दाम कारल्याची झाली.

बसमध्ये त्या कधी खिडकीशी बसल्या नाहीत. मधल्या जागेवर, दोन्ही हात मांडीवर, आणि अख्ख्या बसला ऐकू जाईल असा उपदेश: "हात बाहेर नका काढू रे, खांबानं जाते हात!" आणि ते हात कसे, तर मनगटापर्यंत पिवळे, नखांत निळे. नवख्या माणसाला वाटे, या बाईंना काहीतरी आजार आहे. आजार नव्हता, धंदा होता. त्या लेकरांना रंग शिकवायच्या.

सरकारी रंगपेटी कधी यायची, कधी नाही. आली तर पहिल्या आठवड्यात तिच्यातला लाल कोणीतरी खाऊन टाकायचं. म्हणून लीलाबाईंची पेटी घरचीच. एका वाटीत हळद, एका वाटीत कपड्याची नीळ, एका पुडीत कुंकू. कालवायला बाटल्यांची झाकणं. कुंचला म्हणजे निंबाची काडी. ती प्रत्येकाने आपापली चावून आणायची, त्यामुळे दातही आपोआप घासले जात. हिरवा कोणी मागितला की त्या म्हणायच्या, "हिरवा कोणाच्या घरी नसते बाबू. हिरवा करा लागते."

मग हळदीत नीळ पडायची. लीलाबाई उकिडव्या बसून मागे सरकायच्या, पदर डोळ्यांपर्यंत ओढायच्या, "निघते वं माय... काय निघते आता?" पोरं श्वास धरून बसलेली. काडी फिरायची, आणि पिवळ्यातून हिरवा वर यायचा. "निघाला!" लीलाबाई अशा दचकायच्या की जणू झाकणातून नाग निघालाय. पोरं हसून लोळायची.

मी वर्षानुवर्षं समजत होतो की हे नाटक आहे. माझी पिठाची चक्की त्याच रस्त्यावर, येता-जाता दिसायचं. एकदा विचारलंच.

"बाई, रोजच तं हिरवा निघते. भेता कायले?"

"रोज निघते म्हणून आजही निघन, याचा काय नेम भाऊ?"

त्या खरंच विचारत होत्या. मी चक्कीवर गेलो, आणि पट्टा चढवताना दिवसभर उगाच जपून चढवला.

एखाद्या पोराचा हात कागदावर थबकला, बिघडेल म्हणून थरथरला, की मात्र ही भित्री बाई अगदी शांत व्हायची. "भेव लागते? लागू दे. हात चालू ठेव." एवढंच. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं हिरव्यावरून भांडायची: हा धानाच्या पऱ्ह्यांचा, कोवळ्या रोपांचा हिरवा, हा रोवण्यानंतरचा, हा बोडीच्या शेवाळाचा. एकदा पर्यवेक्षिका मॅडमनी पानाचा रंग विचारला, तर एक कार्टं म्हणालं, "कोन्त्या पानाचा? नवा का जुना?" मॅडम हसल्या. लीलाबाई तोवर खिचडीच्या पोत्यांमागे गेल्या होत्या.

मग तो आला.

आमच्या गावाने त्या दिवसांत त्याचं नाव घेतलं नाही. 'तो' म्हणायचं, आणि बोडीकडे मान करायची. धान कमरेएवढं झालं होतं, धुऱ्या-बांधावरचं गवत त्याहून उंच. आधी एक गोऱ्हा गेला. मग शेजारच्या गावातली एक बाई गवत कापायला गेली ती परत आलीच नाही. त्याबद्दल मी थट्टा करणार नाही. तिचा विळा सापडला, असं सांगणारा माणूस माझ्या चक्कीवर दळण विसरून निघून गेला होता.

वनखात्याची गाडी भोंगा लावून फिरली. एकट्याने जाऊ नका, घोळक्याने जा, मोठ्याने बोला, गवतात वाकून बसू नका. भिण्याचं खातं एका दिवसात सगळ्या गावात वाटलं गेलं. आणि तेव्हा कळलं की आम्हाला ते काम येतच नाही. लीलाबाईंचा आयुष्यभराचा सराव, आम्ही नवशिके. कोणी उगाच ओरडायचं, कोणी देशी पिऊन त्याला आव्हान द्यायचं. मी स्वतः चक्कीचं दार आतून लावून दळत होतो. गिऱ्हाइकाने खिडकीतून डबा द्यायचा. लोकांना वाटे, पीठ उडू नये म्हणून.

आमच्या घरात आरोही होती, माझी नात, चार वर्षांची. मुलगा-सून तुमसरला राईस मिलच्या कामावर, दोघांच्या पाळ्या वेगळ्या, म्हणून पोर आमच्यापाशी. तिने उंबरठा सोडला. आधी अंगणात येईना, मग खिडकीशी येईना. न्हाणी अंगणात, तर तिथे जायलाही आजीने उचलून न्यावं आणि तिने आजीच्या खांद्यात तोंड खुपसावं. सगळ्यात वाईट म्हणजे ती कुजबुजायला लागली. भूक लागली, पाणी पाहिजे, सगळं कुजबुजत. तिच्या हिशेबाने तो ऐकत होता.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, भीती आहे, जाईल. कशी जाईल ते त्यांनी लिहून दिलं नाही. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, पोळ्याले येतो. तशीच असन तं घेऊन जातो तिले." घेऊन जाऊन ठेवणार कुठे? एका खोलीत, बाहेरून कडी लावून, एकजण पाळीवरून येईपर्यंत? फोन ठेवल्यावर माझी बायको मालन बराच वेळ तांदूळ निवडत बसली. ते कालच निवडून झाले होते.

पोळ्याच्या आधी काही दिवस दारावर ठकठक झाली. "कोणी असन तं..." पुढचं ऐकायच्या आत मी दार उघडलं. लीलाबाई. मागे पोरांची रांग, सगळी एकाच दोराला धरलेली, आणि दोन्ही टोकांना काठी घेतलेले दोन बाप. अंगणवाडी बोडीपाशी, तिथे कोण पाठवणार? म्हणून बाई रोज एकेका घरी अंगणवाडी भरवत होत्या. गाव ओलांडताना त्यांच्या पायांची काय अवस्था व्हायची ते वहाणांवरून कळत होतं. एक पायात होती, एक हातात.

"आज तुमच्या घरी, भाऊ."

पोरं अंगणात बसली. आरोही दाराच्या आत, चौकटीला धरून. लीलाबाई तिच्याजवळच, उंबरठ्याच्या बाहेर, भिंतीला टेकून बसल्या. "मले पाठीमागं भिंत लागते," त्या आपणहून म्हणाल्या. "मोकळ्यात बसलो तं भेव लागते."

आरोहीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. इतक्या दिवसांत असं बोलणारं मोठं माणूस तिला पहिल्यांदाच भेटलं होतं. ती कुजबुजली, "आबाजी म्हणते, भ्याचं नाही."

"आबाजीचं जाऊ दे. आबाजी चक्कीचं दार आतून लावून दळते."

पोरांसकट दोन्ही बाप हसले. मी खांद्यावरचं पीठ झटकलं.

"तो कोन्त्या रंगाचा असते वं?" लीलाबाईंनी हळूच विचारलं.

"नाही पाह्यला."

"मी बी नाही पाह्यला. चाल, करून पाहू."

आरोहीचा गेल्या वर्षीचा लाकडी नंदी मालनने पुढे ठेवला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. मोठ्या बैलांचा मान झाला की पोरं आपले चाकांचे लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत घरोघर नेतात आणि लोक त्यांना बोजारा देतात, खाऊ-पैसा. नंदीचा जुना रंग उडाला होता. झाकणात हळद पडली, तिच्यात कुंकू. आरोही आतून हात लांब करून काडी फिरवत होती. "अजून लाल," कुजबुजली. केशरी व्हायला लागला. लीलाबाई पदर ओढून "निघते वं माय" करत होत्या, पण हळू, तिच्याच आवाजात.

"पोटाखाली पांढरा असते," अंगणातून एक पोर म्हणालं. "आमच्या टीव्हीवर होता."

"भाऊ, पांढरं काही आहे जरासं?"

मी तत्परतेने खिशातली चुन्याची डबी दिली. तंबाखू खाणाऱ्या माणसाचा कलेशी एवढाच संबंध. पोटाचा रंग फिका करायला लीलाबाईंनी चिमूटभर चुना केशरी रंगात टाकला, काडी फिरवली, आणि झाकणात रक्त झालं.

रंग नाही; रक्त. गडद, ओलं, बोटांवरून ओघळणारं. झाकण हातात हिंदकळलं तशी बाईंची बोटं, नंदीचं पोट, उंबरठा, सगळीकडे.

"रक्त!" आरोही किंचाळली. अंगणातली पोरं किंचाळली. लीलाबाई उठून बाजेवर चढल्या आणि का कोण जाणे, छत्री उघडली. बाहेर रस्त्यावरून जाणारा एक माणूस "कोणाले नेलं, कोणाले नेलं" ओरडत पळाला, आणि मी चक्कीकडे निघालो होतो हे मला अर्ध्या वाटेत कळलं.

परत वळलो तर बाई बाजेवर छत्रीखाली उभ्या, हात थरथरतायत, आणि स्वतःशीच म्हणतायत, "हात चालू ठेव. लीले, हात चालू ठेव." मालन आत लोणच्याची लिंबं चिरत होती. ती धावत आली, प्रकार पाहिला आणि कपाळाला हात लावला. "अवो बाई, हळदीत चुना टाकला तं लालच होईन न! कुंकू कायचं करते?"

"भेवात कुंकू बी नाही आठवत वं माय!"

"बरं, चुना लागला हाताले. घ्या, लिंबू चोळा." तिने अर्धं लिंबू दिलं.

लीलाबाईंनी लिंबू बोटांवर चोळलं. आणि जिथून लिंबू फिरलं तिथलं रक्त गेलं. खाली हळद होती. पिवळी, घरातली, वरणातली हळद.

बाईंनी आपल्या हाताकडे पाहिलं, छत्री बाजूला ठेवली, खाली उतरल्या आणि लिंबाचे दोन थेंब झाकणात पिळले. रक्ताचा पुन्हा केशरी झाला.

"अजून कर," कोणीतरी मोठ्याने म्हणालं.

आरोही होती. उंबरठ्याच्या बाहेर, अंगणात, बाईंच्या गुडघ्यावर हात ठेवून उभी. ती कधी आली ते कोणी पाहिलं नाही. तिलाही माहीत नव्हतं. मालनने तोंडावर पदर धरला आणि मला खुणेने बजावलं, एक शब्द बोलाल तर खबरदार.

त्या दुपारी आमच्या लोणच्याची सगळी लिंबं गेली. पोरांनी चुना टाकून रक्त करायचं, लिंबू पिळून घालवायचं. करायचं, घालवायचं. त्या वर्षी आम्ही जेवताना लोणच्याची आठवण काढली. पोटाच्या पांढऱ्यासाठी मग माझ्या चक्कीतलं तांदळाचं पीठ आलं, पट्ट्यांसाठी काजळ, आणि आरोहीचा नंदी अंगावर काळे पट्टे घेऊन उभा राहिला.

मुलगा पोळ्याला आला. पोर अंगणात दिसली म्हणून त्याने बॅग आत नेली नाही, अंगणातच ठेवून तिच्याजवळ बसला. "उद्या पाहू," म्हणाला. उद्या तान्हा पोळा.

मारुतीच्या पारापाशी गावातले एक म्हातारे तो बैल पाहून भडकले. "नंदीले असा रंग? कोण शिकवते पोराईले हे?" लीलाबाई मालनच्या मागे लपल्या. आरोही मात्र बैलाची दोरी धरून उभी. "बैलच आहे," ती म्हणाली. "वाघाचं सोंग घेतलं त्यानं."

वाघ. इतक्या दिवसांत गावात कोणी तो शब्द मोठ्याने उच्चारला नव्हता. सगळ्यांच्या माना आपोआप बोडीकडे वळल्या. काही झालं नाही. म्हातारे खोकले, खिशातून नाणं काढून बोजारा दिला.

मिरवणूक लवकर आटोपायची ठरली होती, पण पोरं आणि बोजारा, आटोपते कशाला? शेवटची घरं अंगणवाडीपाशी. तिथून परत फिरलो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. पुढे बाई, हाताला आरोही, मागे पोरांची चाकं खडखडत. मोठी माणसं मागे बोजाऱ्याच्या हिशेबात. मी बाईंच्या जरा बाजूला होतो. बोडीच्या पाळीवरचं, बांधावरचं गवत हललं.

वारा नव्हता. बाकीचं गवत उभं होतं. एकच पट्टा हलत होता, आणि आमच्याकडे येत होता. मग तो थांबला. बोडीतले बगळे एकदम उडाले. पोरांची चाकं थांबली.

मी काय केलं, तर बाजूला तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा ढीग होता, त्याच्यावर होतो. चढलेलं आठवत नाही. माझा चेहरा पांढराफटक झाला होता म्हणतात. त्या दिवशी चक्की बंद होती, तेव्हा दोष पिठावर टाकता येत नाही.

लीलाबाईंच्या लुगड्याचा काठ थरथरताना मला वरून दिसत होता. त्यांनी आरोहीला आणि पोरांना आपल्या मागे घेतलं. भिंत नव्हती पाठीशी, लेकरं होती. मग त्यांनी छत्री उलटी धरली आणि मुठीने रस्त्यावरच्या दगडावर ठकठक केलं.

"कोणी असन तं निघून जा रे बापा," आवाज फाटत होता, पण मोठा होता, "आम्ही येऊन राहिलो!"

गवत स्तब्ध.

"पोट्टेहो! हळद आन नीळ?"

मग एकटीचा आवाज आला. "हिरवा!" आरोही.

"मोठ्यानं! मले ऐकू नाही आलं! हळद आन कुंकू?"

"केशरी!" आता सगळी.

"हळद आन चुना?"

"रक्त!"

"आन लिंबू?"

"हळद! हळद! हळद!"

बाई एकेक पाऊल मागे सरकत होत्या, तोंड गवताकडेच. चाकं पुन्हा खडखडायला लागली. मागची माणसं धावत आली, बोजाऱ्याची ताटं वाजली. गवताचा तो पट्टा वाकला आणि हलत हलत उलट दिशेने, बोडीच्या पलीकडे जंगलाकडे गेला. आम्हाला काही दिसलं नाही. नुसतं गवत मिटत गेलं.

दुसऱ्या दिवशी वनरक्षक पाळीवर गेला, चिखलात बराच वेळ वाकून पाहत राहिला. रानडुक्कर होतं का, मी विचारलं. माझी फार इच्छा होती. तो म्हणाला, "पोरं इकून आणू नका आता," आणि ठसे मोजायचा टेप गुंडाळून खिशात ठेवला.

मुलगा त्याच संध्याकाळी तुमसरला परत गेला. एकटा. जाताना आरोहीने त्याला फाटकापर्यंत सोडलं. तिचं भेव गेलं असं मी म्हणणार नाही. घरात शिरताना ती दारावर ठकठक करते, अजूनही. पण मग शिरते.

बोडीवरचा तो हिवाळ्यात कधीतरी दूर जंगलात निघून गेला, की वनखात्याने नेला, दोन्ही ऐकलं. पुढच्या वर्षी लीलाबाई निवृत्त झाल्या आणि मुलाकडे राहायला जायला निघाल्या. दिघोरीच्या थांब्यावर आम्ही सोडायला गेलो. बस आली. बाईंनी चढण्याआधी छत्रीने बसच्या दारावर ठकठक केलं. कंडक्टर म्हणाला, "या न मावशी, उघडंच आहे." गर्दी होती, मधली जागा नव्हती, त्यांना खिडकीशी बसावं लागलं. दोन्ही हात मांडीवर, डोळे मिटलेले.

बस हलली आणि आरोही माझा हात सोडून धावली. रस्त्याच्या कडेने, एकटी, थांब्यापुढच्या पुलाकडे. मी मागे ओरडतोय, मालन ओरडतेय. खिडकीतून बाईही ओरडतायत, "मागं फिर वं पोट्टे, गाडी येईन!"

"बाई!" ती धावता धावता विचारत होती, "हळद आन नीळ?"

बस पुलावर चढली. उत्तर ऐकू आलं नाही, इंजिनाचा आवाज फार. खिडकीतून एक हात बाहेर आला, आधी बोटं, मग मनगट, मग कोपरापर्यंत. पुलाचे कठडे जवळून जात होते. हात थरथरत होता, आणि हलत होता. मनगटापर्यंत पिवळा.